पुट ऑन, टेक ऑफ आणि इटालियन: कपड्यांच्या क्रियापदांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात इटालियन शिकणाऱ्यांची कारणं वेगवेगळी असतात. कुणाला मिलान किंवा तोरिनोला शिकायला जायचं असतं. कुणाचा रांजणगावच्या फियाटशी किंवा बारामतीच्या पियाज्जोशी कामानिमित्त संबंध येतो. कुणी निवृत्तीनंतर हौस म्हणून वर्गात येऊन बसतं. यातल्या जवळजवळ सगळ्यांचं इंग्रजी उत्तम असतं, आणि कपड्यांचा धडा आला की अडचण नेमकी त्यामुळेच होते. पुस्तकं आणि अ‍ॅप इंग्रजीतून शिकवतात, म्हणून डोक्यात आधी ‘पुट ऑन’ येतं आणि मग त्या ‘ऑन’ला इटालियन शब्द शोधण्याची धडपड सुरू होते. वर्गात पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. इटालियन शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. ‘झ’ दिसला तर तो ‘माझा’मधला वाचावा.

‘पुट ऑन’ला इटालियनमध्ये काय म्हणायचं?

दहातल्या नऊ वेळा ‘मेत्तेर्सी’. ‘मेत्तेरे’ म्हणजे ठेवणे, घालणे. त्याला जोडलेला ‘सी’ म्हणजे स्वतःला. रूपं अशी चालतात: मी मेत्तो, ती मेत्ती, सी मेत्ते, ची मेत्त्यामो, वी मेत्तेते, सी मेत्तोनो. ‘मी मेत्तो ला ज्याक्का’ म्हणजे मी जॅकेट घालतो. यातला ‘मी’ आपला ‘मी’ नव्हे. त्याचा अर्थ ‘मला’, ‘माझ्या अंगावर’ असा आहे. खरा कर्ता ‘मेत्तो’च्या शेवटच्या ‘ओ’त दडलेला असतो. मराठी माणसाला हे वाक्य ऐकायला फार सोपं वाटतं आणि त्यामुळेच तो पुढे ‘ती मेत्ते’ म्हणून मोकळा होतो. ‘ती’ म्हणजे ‘तुला’, एवढं पहिल्या आठवड्यातच पक्कं करून टाकावं.

हा ‘मी’ गाळला तर? बोलताना काही इटालियन लोक गाळतातही. पण ‘मेत्तो ला ज्याक्का नेल्लार्माद्यो’ म्हटलं की जॅकेट कपाटात जातं, अंगावर नाही. आपल्या ‘घालणे’चंही तसंच आहे. शर्ट अंगात घालतात आणि पिशवीतही घालतात. कपडा दुसऱ्याला घालायचा असेल तर ‘सी’ जातो आणि त्या माणसाचा उल्लेख येतो: ‘मेत्तो इल माल्योने आल बाम्बीनो’, बाळाला स्वेटर घालते. मराठीतही ‘बाळाला’ आहे, म्हणजे वाक्याची घडण तुमच्या ओळखीचीच आहे. फक्त इंग्रजीला मध्ये येऊ द्यायचं नाही.

पण ‘ऑन’ गेलं कुठे? ‘मेत्तेरे सू’ का चालत नाही?

‘सू’ म्हणजे वर, त्यामुळे हा मोह सगळ्यांना होतो. उत्तर इटलीत बोलण्यात कुणी ‘मेत्ती सू’ म्हणताना कानावर पडेलही, पण प्रमाण भाषेत कपड्यांसाठी ते वापरू नये. ‘मेत्तेरे सू’ची स्वतःची कामं आहेत. ‘मेत्तेरे सू पेसो’ म्हणजे वजन वाढणं, ‘मेत्तेरे सू इल काफ्फे’ म्हणजे कॉफी गॅसवर ठेवणं, ‘मेत्तेरे सू फामील्या’ म्हणजे संसार थाटणं.

इटालियनमध्ये अशी जोडक्रियापदं नाहीतच, असं मात्र कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. राफाएले सिमोने या भाषाशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात त्यांना ‘वेर्बी सिन्ताग्मातिची’ असं नाव दिलं आणि तेव्हापासून त्यांच्यावर भरपूर लिहिलं गेलं आहे. ‘तिरारे सू’ वर ओढणे, ‘तिरारे जू’ खाली ओढणे, ‘मेत्तेरे वीया’ आवरून ठेवणे, ‘बुत्तारे वीया’ फेकून देणे ही रोजच्या वापरातली उदाहरणं. चेन वर ओढणं म्हणजे ‘तिरारे सू ला लाम्पो’, घसरलेली पँट वर ओढणं म्हणजे ‘तिरार्सी सू ई पान्तालोनी’.

यातून कामाचा नियम निघतो. इंग्रजीतला ‘अप’ किंवा ‘डाउन’ खरोखरच दिशा सांगत असेल, म्हणजे काहीतरी खालून वर किंवा वरून खाली जात असेल, तर इटालियनमध्ये ‘सू’ किंवा ‘जू’ येण्याची शक्यता आहे. ‘बटन अप’, ‘रॅप अप’, ‘डू अप’ यांत मात्र काहीच वर जात नाही. तिथला ‘अप’ फक्त ‘पूर्णपणे’ एवढंच सांगतो. असा ‘अप’ इटालियनमध्ये विरून जातो, आणि त्याचा अर्थ क्रियापदाच्या पोटातच असतो.

आणि ‘टेक ऑफ’?

‘तोल्येर्सी’. थोडं अनियमित आहे: मी तोल्गो, ती तोल्यी, सी तोल्ये, ची तोल्यामो, वी तोल्येते, सी तोल्गोनो. भूतकाळी रूप ‘तोल्तो’. ‘लेवार्सी’ हाही तितकाच वापरातला शब्द, जरा घरगुती. मध्य इटलीत, विशेषतः तोस्कानात, तो जास्त कानावर येतो. दोन्हींत अर्थाचा फरक शोधत बसू नका.

एक सावधगिरी हवी. कपड्याचं नाव न घेता नुसतं ‘लेवाती!’ किंवा ‘तोल्यिती!’ म्हटलं तर ऐकणारा कोट काढणार नाही, बाजूला सरकेल. त्याचा अर्थ ‘हट, वाटेतून हो’ असा होतो. म्हणून कपड्याचं नाव घ्या, नाहीतर त्याच्या जागी सर्वनाम लावा: ‘तोल्यितेलो’, तो काढ.

अंगावरचे सगळेच कपडे काढायचे असतील तर ‘स्पोल्यार्सी’. डॉक्टरकडे हा शब्द ऐकू येतो. पण डॉक्टरांना फक्त शर्ट काढायला सांगायचं असेल तर ते शर्टाचं नाव घेतील. नीट ऐका आणि मगच हात लावा.

अ‍ॅपने ‘टेक ऑफ’साठी ‘देकोल्लारे’ दिलं. ते काय आहे?

ते विमानाचं. शिवाय त्याच उच्चाराचा एक जुना शब्द ‘शिरच्छेद करणे’ या अर्थाचाही आहे. काराव्वाज्जोने १६०८ मध्ये माल्टात रंगवलेल्या संत जॉनच्या शिरच्छेदाच्या चित्राच्या नावात ‘देकोल्लात्सियोने’ हाच शब्द येतो. तेव्हा स्वेटरच्या बाबतीत दोन्ही अर्थ टाळलेले बरे. अ‍ॅपला सुटं क्रियापद देऊ नका. कोण, काय आणि कुणाच्या अंगावरून, असं पूर्ण वाक्य दिलं तर उत्तर बरंच सुधारतं.

भूतकाळात ‘मेस्सो’ म्हणायचं की ‘मेस्सा’? दर वेळी गोंधळ होतो.

होणारच, कारण इथे गोंधळ इंग्रजीचा नाही, मराठीचा आहे. आपण ‘मी कोट घातला’, ‘मी टोपी घातली’, ‘मी स्वेटर घातले’ असं म्हणतो. क्रियापद कपड्याचं लिंग-वचन पाहून बदलतं. घालणारी बाई आहे की बुवा, याची त्याला फिकीर नसते. इटालियनमध्ये साधारणपणे उलट चालतं: पाहायचं ते घालणाऱ्याकडे. कोट पुल्लिंगी असला तरी बाई म्हणेल ‘मी सोनो मेस्सा इल काप्पोत्तो’. जॅकेट स्त्रीलिंगी असलं तरी पुरुष म्हणेल ‘मी सोनो मेस्सो ला ज्याक्का’. तिघी मैत्रिणी मिळून म्हणतील ‘ची स्यामो मेस्से’.

इथवर ठीक. पण कपड्याचं नाव जाऊन त्याच्या जागी सर्वनाम आलं की इटालियन आपल्या बाजूला येतं. ‘कोट कुठाय?’ ‘घातलाय मी तो.’ बाईने हेच इटालियनमध्ये म्हटलं तरी ते ‘मे लो सोनो मेस्सो’ होतं, शेवटी ‘ओ’, कारण आता कोटाचं राज्य. पुरुष जॅकेटबद्दल म्हणेल ‘मे ला सोनो मेस्सा’. म्हणजे सर्वनाम असेल तेव्हा मराठीची सवय निर्धास्तपणे वापरा, नाम असेल तेव्हा तिला आवरा. व्याकरणाच्या पुस्तकात हे दोन वेगवेगळ्या प्रकरणांत सापडतं. मराठी विद्यार्थ्याला ते शेजारी शेजारी ठेवून शिकवलं तर एका तासात समजतं, असा माझा अनुभव आहे.

सहायक क्रियापदाचंही पाहा. ‘मेत्तेर्सी’, ‘तोल्येर्सी’ यांना ‘सोनो’ (एरवी ‘मी आहे’) लागतं, ‘ओ’ (एरवी ‘माझ्याकडे आहे’) नाही. ‘ओ मेस्सो ला ज्याक्का सुल लेत्तो’ म्हणजे जॅकेट पलंगावर ठेवलं. तिथे स्वतःच्या अंगाचा संबंध नाही, म्हणून ‘ओ’.

‘माझा’ कोट म्हणायचं नाही का?

नाही. कपडा कुणाचा हे ‘मी’, ‘ती’, ‘सी’ यांनी आधीच सांगितलेलं असतं. ‘मी तोल्गो ले स्कार्पे’ पुरेसं आहे. मराठीतही ‘मी माझे बूट काढतो’ असं कोण म्हणतं? ही सवय इंग्रजी शाळेतली.

याच्या शेजारीच एक छोटी खोच आहे. आपण म्हणतो, ‘सगळ्यांनी टोप्या काढल्या’. इटालियन म्हणतं ‘सी सोनो तोल्ती इल काप्पेल्लो’, टोपी एकवचनी. प्रत्येकाच्या डोक्यावर एकच टोपी, म्हणून एकच. बूट मात्र अनेकवचनीच, कारण पाय दोन. आणि ‘काप्पेल्लो’मधला ‘प्प’ दाबून म्हणा. एकेरी ‘प’ म्हटला तर ‘कापेल्लो’ म्हणजे केस होतो. पता आणि पत्ता यांतला फरक ज्याला ऐकू येतो, त्याला हे जड जाऊ नये.

‘वेअर’साठी तीन-चार शब्द दिसतात. कुठला कधी?

सवयीने वापरतो त्यासाठी ‘पोर्तारे’. चष्मा लागतो, टाय नेहमीच असतो, अमुक मापाचे कपडे लागतात, अशा ठिकाणी. आत्ता अंगावर काय आहे हे सांगायला बोलताना ‘आवेरे आद्दोस्सो’, किंवा नुसतं ‘आ ऊना ज्याक्का रोस्सा’, लाल जॅकेट आहे. ‘इन्दोस्सारे’ लिखाणात, बातमीत, दुकानाच्या कॅटलॉगमध्ये. ‘दोस्सो’ म्हणजे पाठ, त्यामुळे इन्दोस्सारे आणि आद्दोस्सो दोन्ही मुळात पाठीवर काही असण्याचे शब्द आहेत. अ‍ॅपवाल्यांचं ‘इन्दोस्सारे’वर भारी प्रेम. ते चूक नाही, पण रोजच्या बोलण्यात फार नटलेलं वाटतं.

आणि इंग्रजीत जिथे ‘वेअर’ असतं तिथे इटालियन अनेकदा सरळ ‘मेत्तेर्सी’वर येतं. ‘कोसा ती मेत्ती स्तासेरा?’ म्हणजे आज संध्याकाळी काय घालणार आहेस? कपाट ओसंडून वाहत असताना म्हणायचं ते सनातन वाक्य म्हणजे ‘नोन ओ न्येन्ते दा मेत्तेर्मी’. लक्ष्मी रोडला जाण्याआधी प्रत्येक घरात हे वाक्य होतंच.

ट्रायल रूममध्ये काय बोलायचं?

ट्रायल रूम म्हणजे ‘कामेरीनो’. ‘ट्राय ऑन’साठी ‘प्रोवारे’ किंवा ‘प्रोवार्सी’. ‘ऑन’ इथेही गायब. जे घालून बघायचंय त्याप्रमाणे शेपूट बदलतं: माल्योनेसाठी ‘पोस्सो प्रोवार्लो?’, स्कर्टसाठी ‘पोस्सो प्रोवार्ला?’, पँटसाठी ‘प्रोवार्ली’, बुटांसाठी ‘प्रोवार्ले’. पान्तालोनी नेहमी अनेकवचनी.

दुकानदार विचारेल ‘के ताल्या पोर्ता?’ हे कपड्यांचं माप. बुटांच्या दुकानात तोच प्रश्न ‘के नूमेरो पोर्ता?’ होतो. पुरुषांच्या जॅकेटचं इटालियन माप काढायची युक्ती सोपी आहे: छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये घ्या आणि अर्धा करा. आपल्याकडे ३८ इंची छाती म्हणजे साधारण ९६ सेंटीमीटर, म्हणजे तिथे ४८. बायकांच्या मापाला ही युक्ती लावू नका. तिथे ढोबळ मानाने इटलीतलं ४२ म्हणजे फ्रान्समधलं ३८ आणि ब्रिटनमधलं १० असं चालतं. शेवटी घालून बघणं आलंच.

मग येते मराठी माणसाला मिळालेली बक्षिसी. इंग्रजीत कपडा माणसाला ‘फिट’ करतो, ‘सूट’ करतो. मराठीत म्हणतो ‘हा मला होतो’, ‘तुला छान दिसतो’, ‘मला घट्ट होतो’. माणूस चतुर्थीत, कपडा कर्ता. इटालियनमध्ये अगदी हेच: ‘मी स्ता स्त्रेत्तो’ मला घट्ट होतो, ‘ती स्ता बेने’ तुला छान दिसतो. पँट असेल तर ‘मी स्तान्नो लार्गी’, मला सैल होते. इंग्रजी ज्यांची पहिली भाषा आहे ते या रचनेशी महिनोन्महिने झटतात, आणि आपण ती फुकटात घेऊन येतो. एकच करा: शब्दशः मराठीतून उचला, इंग्रजीतून नको.

बटणं, चेन, नाड्या: ‘डू अप’ आणि ‘अनडू’?

इंग्रजीत एकच ‘डू अप’ सगळीकडे पुरतं. इटालियन विचारतं, नेमकं काय लावताय? बटणं असतील तर ‘आब्बोत्तोनार्सी’, नाड्या-बेल्ट-बक्कल असेल तर ‘आल्लाच्चार्सी’, चेन असेल तर ‘क्युदेरे ला चेर्न्येरा’ किंवा वर आलेलं ‘तिरारे सू ला लाम्पो’. विमानात आणि गाडीत सीटबेल्टसाठीही ‘आल्लाच्चारे’च. लहान मुलांच्या चिकटपट्टीच्या बुटांना ‘स्कार्पे कोन लो स्त्राप्पो’ म्हणतात. ‘स्त्राप्पो’ म्हणजे फाडल्यासारखा ओढलेला झटका, आवाजासकट.

सोडणं सोपं आहे, कारण पुढे एक ‘स’ लावला की बहुतेक काम होतं. आब्बोत्तोनार्सीचं ‘झ्बोत्तोनार्सी’, आल्लाच्चार्सीचं ‘झ्लाच्चार्सी’, वेस्तीर्सीचं ‘झ्वेस्तीर्सी’, इन्फिलार्सीचं ‘स्फिलार्सी’, कोप्रीर्सीचं ‘स्कोप्रीर्सी’. ब, ल, व अशा घोष व्यंजनांपुढे तो ‘झ’ ऐकू येतो, क, फ, त यांच्यापुढे ‘स’च राहतो. मेकअप करणं ‘त्रुक्कार्सी’ आणि उतरवणं ‘स्त्रुक्कार्सी’ हेही त्याच कुटुंबातलं. पण मेत्तेर्सीला ‘स’ लावून काढणं होत नाही, त्यासाठी तोल्येर्सीच.

जाता जाता: ‘झ्बोत्तोनार्सी’ म्हणजे मनातलं मोकळेपणाने बोलणंही. मोजकंच बोलणारा, ताकास तूर न लागू देणारा माणूस ‘आब्बोत्तोनातो’, म्हणजे बटणं गच्च लावलेला.

शिंप्याकडचे शब्द हवेत. ‘टेक इन’, ‘लेट आउट’, ‘टेक अप’, ‘लेट डाउन’.

या चौकडीने भल्याभल्यांना रडवलं आहे. एकतर प्रत्येकाचे दुसरे अर्थ आहेत: टेक इन म्हणजे फसवणं, लेट डाउन म्हणजे तोंडघशी पाडणं. आणि इंग्रजीत दिशा कापडाच्या नजरेतून सांगितलेली असते. इटालियन शिंपी तुमच्या सदाशिव पेठेतल्या शिंप्यासारखाच विचार करतो: परिणाम काय हवा ते सांगा. आत घालायचं तर ‘स्त्रिन्जेरे’, घट्ट करणे. सैल करायचं तर ‘आल्लार्गारे’. आखूड करायचं तर ‘आक्कोर्चारे’, लांब करायचं तर ‘आल्लुन्गारे’. पँटच्या खालची पट्टी मुडपून शिवणं म्हणजे ‘फारे लोर्लो’. आधी कच्ची टीप घालणं म्हणजे ‘इम्बास्तीरे’. जीन्सची बाहेरून दिसणारी दुमड ‘रिझ्वोल्तो’.

कपडा सैल करायला दाब, म्हणजे शिवणीच्या आत जास्तीचं कापड, सोडलेला असावा लागतो, हे दोन्हीकडे सारखंच. तयार कपड्यांत तो फारसा नसतो, म्हणून ‘स्त्रिन्जेरे’ला शिंपी चटकन होकार देतो आणि ‘आल्लार्गारे’ म्हटलं की आधी कपडा उलटा करून शिवण बघतो.

काम दुसऱ्याकडून करवून घ्यायचं असतं, तेव्हा मराठीत आपण ‘पँट आखूड करून घ्यायचीय’ म्हणतो. इटालियनमध्ये ‘फारे’ पुढे लावतात: ‘वोर्रेई फार आक्कोर्चारे ई पान्तालोनी दी दूए चेन्तीमेत्री’, पँट २ सेंटीमीटर आखूड करून हवी आहे. ‘करून घेणे’ आणि ‘फार’ यांची जोडी लक्षात ठेवली की केस कापून घेणं, ब्लाउज शिवून घेणं, सगळी वाक्यं एकाच साच्यातून निघतात.

शिंपी ‘सार्तो’, शिंपीण ‘सार्ता’. बटणं, लेस, दोरे, चेनी मिळतात ते दुकान ‘मेर्चेरीया’. रविवार पेठेत, बोहरी आळीच्या आसपास जे एका गल्लीत मिळतं, ते तिथे एकेका छोट्या दुकानात शोधावं लागतं.

थंडीत ‘रॅप अप वॉर्म’ला काय म्हणतात?

‘कोप्रिती बेने!’ नीट पांघरून-बिंघरून घे. क्रियापद ‘कोप्रीर्सी’, झाकून घेणे. नखशिखांत गुंडाळून घेतलेल्या माणसासाठी ‘इम्बाकुक्कार्सी’, ज्याच्या उच्चारातच कानटोपी ऐकू येते. थरावर थर घालण्याला ‘वेस्तीर्सी आ चिपोल्ला’, कांद्यासारखे कपडे घालणे. पुण्याहून जानेवारीत तोरिनोला उतरणाऱ्यांनी हे वाक्य आणि ही पद्धत दोन्ही शिकून जावं. बाहेर शून्याच्या आसपास तापमान आणि आत हीटर, दर वीस मिनिटांनी काही ना काही काढावं-घालावं लागतं. एकच जाडजूड कोट तिथे कामाचा नाही.

सांस्कृतिक बाजूही पुणेकरांना परकी वाटणार नाही. डिसेंबरात पारा जरा उतरला की आपल्याकडे पहाटे फिरायला जाणारे कपाटातून कानटोप्या बाहेर काढतात आणि ‘कानात वारं जाईल’ हे ऐकवतात. इटलीत त्या वाऱ्याला ‘कोल्पो दारिया’ म्हणतात, मान धरण्यापासून पोटदुखीपर्यंत सगळ्याचं खापर त्याच्यावर फुटतं. वैद्यकशास्त्र काय म्हणतं ते दोन्हीकडच्या आज्यांना विचारायची सोय नाही. वसंतात ऊन पडलं म्हणून लगेच स्वेटर उतरवणाऱ्याला म्हण ऐकावी लागते: ‘आप्रीले, नोन ती स्कोप्रीरे’. एप्रिल आहे, अंग उघडं टाकू नकोस. एप्रिलमध्ये स्वेटर ही कल्पना पुण्यात बसून करून बघा.

‘रोल अप’ आणि ‘टक इन’?

बाह्या वर करणं ‘रिम्बोक्कार्सी ले मानिके’. लाक्षणिक अर्थही आहे, कामाला जोमाने भिडणं. मराठीत ‘अस्तन्या सरसावणे’ म्हटलं की भांडणाचा वास येतो, इटालियनमध्ये तो नाही. म्हणून त्याचं मराठी ‘पदर खोचून कामाला लागणे’ असं करावं, तेच जुळतं. पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळायची असेल तर ‘आर्रोतोलारे’.

शर्ट इन करणं, खोचणं यासाठी एक शब्द नाही. ‘इन्फिलारे ला कामीचा नेई पान्तालोनी’ असं सविस्तर म्हणावं लागतं. आणि मुलाला झोपवताना पांघरुणाच्या कडा गादीखाली खोचणं हे मात्र ‘रिम्बोक्कारे ले कोपेर्ते’. बाह्या आणि पांघरूण एका क्रियापदात, शर्ट वेगळ्या.

‘किक ऑफ’, ‘स्लिप ऑन’, ‘थ्रो ऑन’ यांतली मजा अनुवादात हरवते. उपाय?

लिओनार्ड टाल्मी या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाची एक मांडणी इथे उपयोगी पडते. इंग्रजीसारख्या भाषा क्रियापदात कृतीची रीत सांगतात, लाथ मारणं, सरकवणं, फेकणं. आणि ती क्रिया कुठे पोचली हे छोट्या शब्दावर सोपवतात, ऑन, ऑफ. इटालियनसारख्या भाषा उलट करतात. काय घडलं, म्हणजे घातलं की काढलं, हे क्रियापद सांगतं, आणि रीत सांगायचीच असेल तर ती वेगळी जोडावी लागते. बहुतेक वेळा जोडतच नाहीत. कथेत नायक घरी येऊन थकव्याने बूट पायानेच उडवतो, तिथे ‘सी तोल्से ले स्कार्पे’ एवढ्यावर भागवलेलं अनेकदा चालतं. तो थकवा महत्त्वाचा असेल तर पुढे ‘सेन्त्सा स्लाच्चार्ले’ असं काही जोडा, नाड्याही न सोडता. यातला ‘स’ अर्थातच ‘झ’ म्हणून वाचायचा.

‘स्लिप ऑन’साठी ‘इन्फिलार्सी’ चांगला आहे. आपण चपला पायात अडकवतो किंवा सरकवतो, तसं ‘इन्फिलार्सी ले च्याबात्ते’. पुण्यातल्या कॅफेत ज्या पावाचं सँडविच मिळतं तो च्याबात्ता हाच शब्द, म्हणजे सपाता, घरात घालायची चप्पल. घाईत काहीतरी चढवणं ‘मेत्तेर्सी आद्दोस्सो क्वाल्कोसा’. आणि इंग्रजीतली ‘स्लिप’ तशीच उचलू नका. इटालियनमध्ये ‘स्लिप’ म्हणजे चड्डी.

मराठी अनुवादकाला इथे एक सोय आहे. ‘घालून टाक’, ‘काढून ठेव’, ‘भिरकावून दिले’ ही आपली जोड इंग्रजीच्या ऑन-ऑफपेक्षा जास्त सूक्ष्म काम करते. इंग्रजीतून इटालियनमध्ये जाताना अडलात तर आधी मराठीत वाक्य करून बघा. कृतीचा गाभा कुठे आहे ते लगेच दिसतं.

‘ड्रेस अप’चे दोन अर्थ कसे वेगळे करायचे?

नटणं-थटणं असेल तर ‘वेस्तीर्सी एलेगान्ते’, किंवा जरा थट्टेने ‘मेत्तेर्सी इन गिन्गेरी’. सोंग घेणं असेल तर ‘त्रावेस्तीर्सी’ किंवा ‘मास्केरार्सी’. गॅदरिंगला मुलाला शिवाजी महाराज करणं ‘वेस्तीर्सी दा’ने सांगता येतं, त्या ‘दा’नंतर भूमिका येते. व्हेनिसच्या कार्निव्हालचा विषय निघाला की हेच शब्द लागतात.

मुलाला कपडे लहान झाले, बूट झिजले हे कसं सांगायचं?

‘नोन ल्यी एन्त्रा प्यू’, त्याला आता होत नाही. झिजणं ‘कोन्सुमार्सी’, विरलेला-झिजलेला ‘लोगोरो’. इंग्रजीतला ‘आउट’ शोधू नका.

इटालियन सहकाऱ्यांना लग्नाला बोलावलंय. साडी नेसणे, गजरा माळणे, फेटा बांधणे हे कसं सांगू?

इथे पारडं उलटं फिरतं. साडी आपण नेसतो, शाल पांघरतो, गजरा माळतो, फेटा बांधतो, कुंकू लावतो, दागिने लेतो. इटालियनमध्ये यातल्या बहुतेकांना बिचारं ‘मेत्तेर्सी’च आहे. ‘मेत्तेर्सी इल सारी’, ‘मेत्तेर्सी ई फ्योरी नेई कापेल्ली’. ‘सारी’ तिथे पुल्लिंगी आणि अनेकवचनातही तसाच राहतो. फेट्यासाठी ‘लेगार्सी इल तुर्बान्ते’ म्हणता येईल, त्यात बांधणं येतं.

पाहुणीला नऊवारी नेसवायची वेळ आली आणि ती त्यात पाय घालायला शोधू लागली, तर एक वाक्य पुरतं: ‘इल सारी नोन सी इन्फीला, सी आव्वोल्जे’. साडीत शिरायचं नसतं, ती गुंडाळायची असते. काष्ट्यासाठी मात्र हातवारे करा.

पाहुण्यांना चपला बाहेर काढायला कसं सांगायचं? उद्धट वाटायला नको.

वडीलधाऱ्या किंवा अनोळखी माणसाला ‘सी तोल्गा ले स्कार्पे, पेर फावोरे’. हा आपला ‘अहो’चा दर्जा. बरोबरीच्या मित्राला ‘तोल्यिती ले स्कार्पे’ चालतं, पण ‘ती दिस्प्याचे तोल्येर्ती ले स्कार्पे?’, काढशील का, हे गोड लागतं. इटलीत पाहुण्याने दारात बूट काढावेत अशी सर्वसाधारण रीत नाही, त्यामुळे तो काढत नसेल तर तो दुर्लक्ष करतोय असं समजू नका. त्याला फक्त माहीत नसतं.

‘हँग अप’ आणि ‘हँग आउट’ कपड्यांच्या बाबतीत?

कोट खुंटीला किंवा हँगरला अडकवणं ‘आप्पेन्देरे’. धुतलेले कपडे वाळत घालणं ‘स्तेन्देरे ई पान्नी’. घड्या घालणं ‘प्येगारे’, कपाटात आवरून ठेवणं ‘मेत्तेरे वीया’. वाळत घालायचा घडीचा स्टँड म्हणजे ‘स्तेन्दीनो’, आणि भाड्याचं घर बघायला गेलात तर तो आहे का हे आधी विचारा. घरांच्या जाहिरातीत त्याचा उल्लेख सहसा नसतो.